रुग्णाच्या उशाशी श्रद्धा

बोईसरच्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीतली, जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम झालेली मुलगी परदेशातल्या वैद्यकीय मिशनच्या प्रशिक्षणाला निघते, तेव्हा घरात व्हिसाची, खर्चाची, लग्नाची चर्चा होते आणि पाळक तिला पाचारणाबद्दल विचारतात. खरा प्रश्न पुढचा आहे. शिकून ती एखाद्या खाटेशी उभी राहील, तेव्हा समोरच्या आजारी माणसापुढे आपली श्रद्धा मांडण्याचा अधिकार तिला कितपत आहे? रुग्णाने आपणहून विचारल्याशिवाय तो तिला नाही, असं माझं मत आहे. आणि त्यासाठी कायद्याचा आधार शोधायला नको, शुभवर्तमान पुरेसं आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवावं म्हणून गोपाळराव जोशींनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याकडे मदत मागितली, तेव्हा धर्मांतराचा मुद्दा आडवा आला. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, आणि तोच वाचून थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती बाईंनी धर्माची अट न घालता मदत देऊ केली. आनंदीबाई हिंदू राहूनच १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या मराठी ख्रिस्ती होत्या. परत येऊन त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. वाइल्डर आणि कार्पेंटर एकाच धर्माचे. एकाने मदतीला अट जोडली, दुसरीने नाही, आणि आनंदीबाईंचं शिक्षण त्या दुसरीमुळे झालं.

जव्हार-मोखाड्यात हा फरक फार जवळून दिसतो. १९९२ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हापासून हा भाग साऱ्या राज्याला ठाऊक आहे. कुपोषणाच्या तपासणीत मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की लाल रंग दिसतो, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित. आईला अक्षर वाचता येत नसेल, पण तो लाल रंग कळतो. त्या वेळी नर्सने अगदी मायेने ‘ताई, प्रार्थना करू का?’ असं विचारलं, तरी आई नाही म्हणणार नाही. नाही म्हटलं आणि पोराकडे दुर्लक्ष झालं तर? तिच्या घरी हिरवा देव असेल, वाघोबा असेल, भगताकडेही ती जाऊन आली असेल. तिची मान हलते ती पोरासाठी. अशा होकारात श्रद्धा नसते, आणि तो घेणाऱ्याने त्याला साक्षीचं फळ मानणं ही स्वतःच्या धर्माशीच प्रतारणा आहे.

यावर श्रद्धावंत म्हणतील, सुवार्ता सांगणं ही येशूची आज्ञा आहे, ती दवाखान्याच्या दारात सोडायची कशी? पण लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परततो, तोही परका मानलेला शोमरोनी. येशू उरलेल्या नऊ जणांची विचारपूस करतो, त्यांचं बरेपण मात्र काढून घेत नाही. येशूच्या दृष्टांतातला, वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधणारा शोमरोनीही उतारशाळेत त्याचे पैसे भरून पुढे निघून जातो, उपदेशाचा एक शब्द न बोलता. साक्ष द्यायला शेजार आहे, मैत्री आहे, उपासना आहे. तिथे ऐकणारा उठून जाऊ शकतो. सलाईन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: हेतूच धर्मप्रसाराचा असेल तर ही सेवा घ्यावीच का? सेवेआडून धर्मांतर करण्याला गांधीजींचा विरोध होता. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीने १९५६ मध्ये वैद्यकीय सेवेचा असा वापर कायद्याने रोखावा, अशी शिफारस केली. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण निर्मळ हेतूचीच माणसं हवीत म्हटलं, तर दुर्गम पाड्यांवर कोण उरेल? डहाणूचं ब्रदरेन मिशनचं रुग्णालय किंवा मिरजेचं वॉनलेस यांचं रुग्णालय श्रद्धेतूनच उभं राहिलं. मनातला हेतू कुणाला तपासता येत नाही, वागणूक तपासता येते.

म्हणून निघण्याआधी त्या मुलीने प्रशिक्षण देणाऱ्यांना थेट विचारावं. काही महिन्यांचे वर्ग आणि काही आठवड्यांची सेवाफेरी एवढ्यावर वैद्यक येत नाही. गुरुबाईंनी पूर्ण पदवी घेतली होती. पथक निघून गेल्यावर त्या रुग्णांचं कोण बघतं? फेरीच्या अहवालात किती रुग्ण तपासले याच्या शेजारी किती जणांनी प्रार्थना केली असाही रकाना असतो का? असेल, तर मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातली नोकरी तिच्या पाचारणाच्या जास्त जवळची आहे. नसेल आणि शिक्षण पक्कं असेल, तर तिने जरूर जावं.