सांधलेला तडा

दुरुस्त केलेली वस्तू विकताना तिच्या पोटातील सांधा घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे काय? ग्रंथात वाचताना हा प्रश्न फार सोपा वाटतो. तो आमच्याच अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे खरे वजन आम्हांला कळले.

2017 सालच्या उन्हाळ्यातील ही गोष्ट. श्रीरामपूर तालुक्यात आमच्या थोरल्या बंधूंच्या शेतात नांगरट चालू होती. ट्रॅक्टरच्या रेडिएटरची नळी सैल होऊन पाणी गळून गेले, आणि इंजीन तापल्याचे चालकाच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. घाबरून त्याने त्या तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतले. बीड हा धातू दाब सोसण्यात बळकट, परंतु ताण सोसण्यात दुबळा असतो. एकाच ओतिवाचा एक भाग अकस्मात आकसला आणि दुसरा तापलेलाच राहिला, की तो तडकतो. दुसऱ्या दिवशी इंजीन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले आणि सिलिंडर हेडच्या बाजूने पाणी झिरपू लागले.

नवे हेड घेण्याइतका पैसा हाताशी नव्हता. तेव्हा गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना बोलावून घरच्या पडवीतच काम करायचे ठरले. त्यांनी हेड उतरवून स्वच्छ केले, त्यावर रॉकेल फिरवले, ते पुसून काढले आणि वरून खडूची पूड लावली. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू पुडीवर उमटले. बाहेरच्या भिंतीवर बोटभर लांबीची एक रेघ दिसली. ती आम्हांला अपेक्षितच होती. परंतु आतल्या बाजूला, दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये, केसासारखी आणखी एक रेघ उमटली. ती मात्र कोणीच पाहिली नव्हती.

बाहेरच्या तड्याचे काम मिस्त्रींनी आमच्यासमोर केले. तडा जेथे संपलेला दिसत होता, त्याच्या किंचित पुढे त्यांनी दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली. तड्याच्या अणकुचीदार टोकाशी सारा ताण एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. गोल भोक तो ताण वाटून टाकते. मग त्यांनी तडा कोरून रुंद केला. बुजवायचा तो आधी मोठा करायचा, हे पाहून आम्हांला नवल वाटले. निकेलच्या काडीने अंगठ्याएवढाच टाका घालायचा, तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा, हात लावण्याइतका निवेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा टाका घालायचा, अशी संध्याकाळपर्यंत ती साधना चालली.

आतल्या रेघेकडे बोट दाखवून मात्र ते म्हणाले, “मास्तर, हे माझ्या हातचं काम नाही.” तेथे जळत्या वायूची आच आणि दाब सतत असतो; शिवाय हेडचा पृष्ठभाग अगदी सपाट राहावा लागतो. ते यंत्रशाळेचे काम होते. शहरातल्या कारागिराने एकमेकींना अडकणाऱ्या आट्यांच्या पिना बसवून तो तडा शिवला, पृष्ठभाग घासून सपाट केला, पाण्याच्या दाबाची परीक्षा घेतली आणि सांगितले, “चालेल, किती दिवस, ते मी सांगणार नाही.” नवे गॅस्केट घालून, मधून बाहेर अशा क्रमाने बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले, आणि ट्रॅक्टर पुन्हा शेतात गेला. दोन वर्षे त्याने तक्रार केली नाही.

2019 च्या दिवाळीनंतर बंधूंनी तो विकायला काढला. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची होती. एक तरुण शेतकरी पाहायला आला. पहिल्याच फटक्यात इंजीन सुरू झाले आणि त्याचा चेहरा उजळला. बंधूंनी आम्हांला डोळ्यांनी खूण केली: आता काही बोलू नका.

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. काम चोख झाले होते, दोन वर्षांची साक्ष होती, आणि विचारले असते तर ते खोटे बोलणार नव्हते. कायदाही बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या 17 व्या कलमात घोड्याचे उदाहरण आहे: सदोष घोडा लिलावात विकताना मालक नुसता गप्प राहिला, तर ती लबाडी ठरत नाही. पण त्याच कलमातील पुढचे उदाहरण विचार करायला लावते. घोडा घेणारी त्या मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे समोरचा माणूस आपला कोण लागतो, यावर मौनाचा अर्थ बदलतो.

13 व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही घोड्याचाच दाखला घेतला. घोडा एका डोळ्याने आंधळा असल्याचे उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विक्रेत्याने तोंडाने सांगण्याची गरज नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. दवंडी पिटण्याची आवश्यकता नाही. जो विकत घ्यायला येतो त्याला सांगावे, म्हणजे तो गुण आणि दोष एकत्र तोलू शकेल.

आमच्या हेडवर हे दोन्ही प्रकार होते. बाहेरचा सांधा कोणालाही दिसत होता. आतला दिसणे शक्य नव्हते. कारागिराने जो धोका प्रामाणिकपणे आम्हांला सांगितला, तो आम्ही दोन वर्षे जाणतेपणी वाहिला. गप्प राहून तोच धोका आम्ही त्या तरुणाच्या खांद्यावर देणार होतो, त्याच्या नकळत. दुरुस्ती आणि झाकाझाकी यांत भेद आहे तो इथे. टाका तोच, धातू तोच. पण उरलेला धोका कोणी वाहायचा, हे ज्याचे त्याला ठरवू दिले तर ती दुरुस्ती, नाहीतर तेच काम फसवणुकीचे साधन होते. हेड पुढे वीस वर्षे टिकले असते, तरीही ते मौन निर्दोष ठरले नसते.

आम्ही सांगितले. तरुणाने बराच वेळ विचार केला आणि तो निघून गेला. पुढे दुसऱ्या एका शेतकऱ्याने सर्व ऐकून, बऱ्याच कमी किमतीला, ट्रॅक्टर नेला. फीसाठी कमी पडलेली रक्कम आम्ही भरली. ते आम्हांला भरणेच भाग होते. सत्य आम्ही बोलायचे आणि त्याची किंमत एकट्या बंधूंनी मोजायची, हा न्याय नव्हे.

बंधू काही दिवस आमच्याशी मोजकेच बोलत होते. तोही एक तडाच होता. तो बुजवायला आम्हांला मिस्त्रींचीच रीत उपयोगी पडली: आधी टोक शोधायचे, थोडे थोडे जोडायचे, आणि निवेपर्यंत थांबायचे.