युक्ती शिकवता येते का?

सहावीच्या वर्गात मी दरवर्षी एक जुनंच उदाहरण फळ्यावर लिहितो. कोंबड्या आणि शेळ्या मिळून डोकी 20, पाय 56; तर शेळ्या किती? पोरं आधी अंदाजपंचे सुरुवात करतात. दहा-दहा धरले तर पाय 60, म्हणजे चार जास्त. मग एकेक शेळी कमी करत बसतात. यंदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, सगळ्या शेळ्यांना मागच्या पायांवर उभं करू या." जमिनीवर 40 पाय, हवेत 16. म्हणजे शेळ्या आठ.

हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात हाच पेच आहे. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू. क्षेत्रफळ निघतं 16, हवं होतं 8. मग तो बाजू तीन घेतो, येतात 9. इथे तो हात टेकतो. शेवटी कर्णावर चौरस काढल्यावर उत्तर जुळतं. प्लेटोचं म्हणणं, आत्म्याला हे आधीपासून ठाऊकच होतं, मुलाला फक्त आठवलं. पूर्वजन्म मानणाऱ्या आपल्या मनाला ते चटकन पटतं. मला पटत नाही. कर्ण तर सॉक्रेटिसनेच दाखवला! पण आधी दोनदा चुकून मुलाने हात टेकले नसते, तर त्या रेघेचं त्याला काय अप्रूप वाटणार होतं?

मग रीती शिकवूच नयेत का? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) इष्टकर्म आणि विलोमविधी या रीती नावानिशी आहेत: एक संख्या मानून चालायचं, किंवा शेवटाकडून उलट यायचं. उलट येण्याची वाट गणितज्ञ जॉर्ज पोल्यानेही 1945 च्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’मध्ये दाखवली. तेव्हा रीती शिकवाव्यात, जरूर शिकवाव्यात. पण मूल अडल्यावर. हल्ली वर्कशीटच्या माथ्यावरच छापलेलं असतं, ‘उलट क्रमाने सोडवा’. मग मुलाला उरते नुसती आकडेमोड. कुठे कोणती रीत लावायची हे ठरवण्यातच तर सगळी अक्कल लागते, आणि ते काम छापणाऱ्यानेच उरकलेलं असतं.

पालकांना एक विनंती. मूल उदाहरणावर अडून पेन्सिल चावत बसलं असेल, तर दहा मिनिटं तिकडे फिरकू नका. आणि क्लासच्या सरांना फोनही लावू नका.