सरासरीने टाकी भरत नाही

छत्रपती संभाजीनगरात छतावरचे पाणी साठवण्याचा विषय निघाला की हिशेब ठरलेला असतो: हजार चौरस फुटांची गच्ची, वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, वाया जाणारे सोडले तरी पन्नास हजार लिटर पाणी घरचे. हिशेब बरोबर आहे. पण पाऊस कसा पडला आणि मध्ये किती दिवस दडी मारून बसला, हे त्यात येतच नाही.

अशा गच्चीवर एक मिलिमीटर पावसाचे सुमारे ९३ लिटर होतात. वाया जाणारे सोडले तरी दोन हजार लिटरची टाकी पंचवीसेक मिलिमीटरमध्ये काठोकाठ भरते. श्रावणात झड लागली की टाकी उपसावी, ती पुन्हा भरावी, असे चालते. एका रात्रीत १०० मिलिमीटर कोसळला, तर सहा-सात हजार लिटर गटारात जातात. मग तीन आठवडे उघडीप!

२०२३चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शिवारे खरवडून नेली. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्येच दाखवून दिले होते की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मुसळधार पाऊस वाढला, मध्यम पाऊस घटला आणि मोसमाची सरासरी मात्र जवळपास तीच राहिली. सरासरी फसवते ती अशी.

पावसाचा खंड लांबला की गच्चीवर धूळ आणि कबुतरांची घाण साचते. त्यानंतरच्या पहिल्या सरीचे पाणी पाइपाचा व्हॉल्व्ह उघडून सोडूनच द्यावे लागते. जितके खंड, तितक्या वेळा हे नुकसान.

टाकी भरून उरलेले पाणी बोअरमध्ये सोडावे, तर खाली काळा पाषाण. तो पाणी सावकाश पितो. याच शहराला पाणी देणारी मलिक अंबरची जुनी नहर डोंगरात मुरलेल्या पाण्यावरच चालायची. मुरायला संथ पाऊस लागतो, आणि नेमका तोच कमी होतो आहे.

म्हणून टाकी सरासरीवर नव्हे, सर्वांत लांब खंडावर बेतली पाहिजे आणि पाइप सर्वांत जोरदार सरीवर. हा खर्च बंगलेवाल्याला झेपेल. पत्र्याच्या दोन खोल्यांत, टँकरची वाट पाहत राहणाऱ्या कुटुंबाला टाकी ठेवायला जागाच नसते. त्यांच्यासाठी वस्तीतल्या शाळेच्या छताखाली सार्वजनिक हौद बांधावेत, आणि ते महापालिकेच्या पैशाने बांधावेत.