सोशिकपणाची किंमत

सहनशीलता हा गुण की दोष, हा प्रश्न नोकरीपेशातील माणसांस केवळ पुस्तकी वाटू नये. मक्याच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे तो फार रोकड्या स्वरूपात उभा राहिला आहे. चेन्नईलगतच्या सिरुसेरीत आमच्या अवतीभवती संगणकाच्या कचेऱ्या आहेत, एक नामांकित गणितसंस्था आहे. आणि हल्ली रोपाचे अंतरंग उलगडते ते अशाच विद्येने, पानातून मिळालेल्या संदेशांची अक्षरे मोजून.

मक्याच्या 'बी ७३' या वाणाचा जनुकसंच २००९ साली वाचून झाला. त्यात जनुके ३२,००० हून अधिक भरली. विषाणू शिरला म्हणून ती बदलत नाहीत. कोणते किती वाचले जावे, एवढेच बदलते. पोथी तीच, पारायणाचे अध्याय निराळे. प्रकाशापासून अन्न करण्याची जनुके पुष्कळदा मंदावतात आणि संरक्षणाची जोराने वाचली जातात. रोप विषाणूच्या संदेशाचे २१-२२ अक्षरांचे तुकडे पाडते व त्याच तुकड्यांच्या खुणेवरून उरलेला विषाणू हुडकते. विषाणूही भोळा नसतो. हा शोध निष्फळ करणारे प्रथिन काही विषाणू बरोबरच आणतात. या झुंजीत खर्ची पडलेले बळ कणसाला मिळत नाही.

काही वाणांची रीत वेगळी. विषाणू अंगात वाढतो, पण पान फारसे पिवळे पडत नाही आणि कणीस भरते. शास्त्रज्ञ यास प्रतिकार म्हणत नाहीत, सोशिकपणा म्हणतात. मालकाला असे रोप आवडते. मावा मात्र त्याच हिरव्या पानावर बसतो आणि तेथून रोग शेजारच्या शेतात नेतो.

येथे आम्हांस कचेरी आठवल्यावाचून राहत नाही. टेबलाखालून काय सरकते हे ठाऊक असून जो डोळे मिटतो, स्वतः पैही घेत नाही आणि वेळेवर बढती मिळवतो, त्यास आपण सज्जन म्हणतो. परमुलखात तर 'आपण चार दिवसांचे पाहुणे' ही सबब तयारच असते. मक्यास बोल लावता येत नाही. कोणते जनुक वाचावे हे त्याच्या इच्छेवर नाही. आमच्या इच्छेवर कितपत आहे? मुलांच्या शाळा, घराचे हप्ते यांचा भार खोटा नव्हे, आणि झुंजणाऱ्याचे कणीस भरत नाही हेही आम्ही पाहिले आहे. परंतु त्या सज्जनपणाची किंमत सज्जन देत नाही. पलीकडच्या खिडकीशी ताटकळणारा अर्जदार देतो.

२०११ साली केनियात मक्यावर मोठे संकट आले. त्यात विषाणू दोन होते, पैकी एक उसावरही आढळणारा. एकेकटे सौम्य, एकत्र आले की उभे शेत वाळवणारे. शेतकऱ्यांस सांगण्यात आले की, मक्यामागून मका लावू नका, मध्ये दुसरे पीक घ्या. आमच्याकडेही संवेदनशील जागांवरील माणसे ठराविक काळाने हलवावीत, असा केंद्रीय दक्षता आयोगाचा दंडक आहे. फरक इतकाच की शेतकरी जुने पीक उपटून टाकतो. आमचे मात्र दुसऱ्या शेतात नेऊन लावतात.