रोवणी कोण करणार?

मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा. या पट्ट्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा नवा नाही आणि तोंडाचा कॅन्सरही नवा नाही. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान २०१६पासून दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव झटतं आहे. तरी एखाद्या घरी कॅन्सरची बातमी येतेच. मग गाव भेटायला जातं, आजारी माणसालाच खर्र्यावरून चार बोल सुनावतं. (बाहेर पडल्यावर पुडी किती जण सोडतात, ते सांगायला नको.)

घराची चिंता वेगळीच असते. शेक, म्हणजे रेडिएशन, बहुधा आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. तेवढे दिवस बापासोबत पोरगा नागपुरात. इकडे धानाच्या बांधीत पाणी साचलेलं, पऱ्हे वाढून चाललेले. रोवणी कोण करणार? बैलांना चारा कोण टाकणार?

‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कोणी सांगत नाही. त्यापेक्षा सरळ जाऊन म्हणावं, ‘वहिनी, बुधवारी तुमची बांधी आम्ही रोवतो.’ कोणी रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स घेऊन महात्मा फुले योजनेची चौकशी करावी. कोणी रेल्वे सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून भरून आणावा. ती सवलत सोबत्यालाही असते. आणि शेकानं तोंड सोललेल्या माणसाला डबा नेताना भात-वरण नको. पातळ पेज न्यावी, कोमट, तिखटाशिवाय.