तिसरा कोण?

तीन पुरुष, एक घर, आणि तिघांचं एकमेकांवर प्रेम. हे वाचून तुमच्या डोक्यात जो पहिला प्रश्न आला, त्याचं उत्तर इथं मिळणार नाही. पलंग लहान आहे, एवढंच सांगतो. दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे: हे बरोबर आहे का? कायदा आणि शेजारी घटकाभर बाजूला ठेवू. तीन माणसं अशी राहतात तेव्हा ती एकमेकांशी नीट वागू शकतात का?

आधी पात्रपरिचय. नावं सांगत नाही, गावं सांगतो. मी नांदेड. घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय अठ्ठावीस. लातूर नीटच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे भाजीत मीठ कमी पडलं तरी फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा बोलतो. उदगीर जनावरांचा डॉक्टर आहे. मी आणि लातूर पाच वर्षं सोबत आहोत, उदगीर दीड वर्षापूर्वी आला. दर शुक्रवारी मी एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या भाड्याच्या खोलीवर पोचतो.

खोली मिळायला काहीच त्रास झाला नाही. लातूर हे पोरांनी भरलेलं गाव आहे. लग्न न झालेलं जोडपं गेलं असतं तर घरमालकांनी आधार कार्ड, आई-बाप आणि कुंडली, सगळं मागितलं असतं. आम्हाला विचारलं, "एमपीएससी का?" आम्ही हसलो. त्याचा अर्थ त्यांनी त्यांना हवा तो घेतला.

रोजनिशीतली काही पानं:

शनिवार. आठ दिवसांनी नळ आला. तिघंही बनियनवर बादल्या घेऊन पळालो. घरमालकीण काकू म्हणाल्या, "किती एकीनं राहतात पोरं. माझी दोन सख्खी आहेत, पण बोलत नाहीत एकमेकांशी." उदगीर लगेच वाकला, "काकू, आशीर्वाद द्या." त्यांनी दिला. आमच्या नात्याचा हा आजवरचा एकमेव अधिकृत विधी.

रविवार. पहाटे तीनला उदगीरला फोन. कुणाची तरी म्हैस अडलीय. सहाला परत आला, अंगाला गोठ्याचा वास. लातूर झोपेतच म्हणाला, "आंघोळ केल्याशिवाय गादीवर यायचं नाही. नियम आहे." उदगीर म्हणाला, "कधीचा?" "जुना आहे." "जुना म्हणजे मी यायच्या आधीचा ना?" यावर कुणी काही बोललं नाही. वगार झाली, हे त्यानं चहाच्या वेळी सांगितलं.

सोमवार. परतीच्या एसटीत उदगीरचा मेसेज: "माझं गाव किती वर्षं झाली स्वतंत्र जिल्हा मागायलंय. मी पण तेच मागायलोय. तालुका म्हणून नाही राहायचं मला."

हसू आलं, पण नेमका मुद्दा हाच होता. दोघांच्या घरात तिसरा येतो तेव्हा नियम आधीच ठरलेले असतात. कुशीवर कुणी झोपायचं, दिवाळी कुठं करायची, भांडण झालं की आधी कुणी बोलायचं. तिसऱ्यानं फक्त खाली सही करायची. अॅप टाकताना आपण अटी न वाचता 'मान्य आहे' दाबतो, तशी. अशा संमतीला काही अर्थ आहे का? त्या आठवड्यात आम्ही सगळे नियम पुसले आणि तिघांनी मिळून पुन्हा लिहिले. आंघोळीचा नियम मात्र ३ विरुद्ध ० मतांनी राहिला. उदगीर म्हणाला, "वास मलाही येतो की बे."

आता मत्सराकडे येऊ. त्याबद्दल लातूरकरांना शिकवायची गरज नाही. २००९ मध्ये नवं महसूल आयुक्तालय नांदेडला जाहीर झालं, तेव्हा लातुरात आंदोलन पेटलं. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्स्प्रेस उदगीरमार्गे बिदरपर्यंत वाढवली, तेव्हाही लातूर चिडलं आणि उदगीर खूश झालं. आमच्या घरात या दोन्ही घटना अजून शिवीसारख्या वापरल्या जातात. मी आणि उदगीर सिनेमा बघून उशिरा आलो की लातूर दारातच विचारतो, "झाली का गाडी बिदरपर्यंत वाढवून?"

पण या चिडीमागचा हिशोब खोटा नाही. गाडीचे बर्थ मोजके असतात. पुढच्या गावाला दिले की आधीच्या गावाचे कमी होतात. 'प्रेम वाटल्यानं वाढतं' हे वाक्य भेटकार्डावर छान दिसतं. प्रेमाचं मला माहीत नाही, पण शनिवार वाटल्यानं वाढत नाही. वेळ, लक्ष, थकून आल्यावर कुणाचं तरी ऐकून घेण्याची ताकद, हे सगळं लातूरच्या पाण्यासारखं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूर एक गोष्ट शिकलं: टंचाईत कुणाच्या वाट्याला किती येणार, हे सगळ्यांसमोर ठरावं लागतं. गुपचूप टँकर वळवणाऱ्याचा राग त्यानं उचललेल्या पाण्यापेक्षा त्याच्या लपवण्यावर जास्त असतो.

महाभारतानं हे फार आधी ओळखलं होतं. द्रौपदी एकाबरोबर असताना दुसऱ्यानं आत यायचं नाही, आला तर बारा वर्षं वनवास, असा नियम नारदाच्या सांगण्यावरून पांडवांनी केला. आमच्या धंद्यात याला म्युटेक्स म्हणतात. एक प्रोसेस आत असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. अर्जुनानं तो मोडला, कारण एका ब्राह्मणाच्या गायी चोरीला गेल्या होत्या आणि शस्त्रं आत होती. उदगीरला ही गोष्ट फार आवडते. गायीसाठी नियम मोडणारा तो एकटाच नाही, याचा त्याला आनंद होतो. मला मात्र त्याआधीचा प्रसंग टोचतो. आणलंय काय हे न बघताच कुंती म्हणाली, वाटून घ्या. वेळापत्रक पुढं कितीही काटेकोर झालं, तरी वाटणी करण्याची सुरुवात तिला विचारून झाली नव्हती.

म्हणून तिघांच्या नात्याकडे लोक संशयानं बघतात, ते मला चूक वाटत नाही. इतिहासात असे संसार बहुतेक वेळा एका पुरुषाच्या सोयीचे होते. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये आणि मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं हिंदूंना एकच जोडीदार सक्तीचा केला, त्यामागं हा अनुभव होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अकलूजला दोन जुळ्या बहिणींनी, दोघीही आयटी इंजिनिअर, एकाच नवऱ्याशी मांडवात उघडपणे लग्न केलं. एकमेकींशिवाय राहवत नाही, हे त्यांचं कारण होतं. व्हिडिओ फिरला आणि पोलिसांत कलम ४९४ खाली अदखलपात्र नोंद झाली. आमच्यावर तो गुन्हाही लागत नाही, कारण त्यासाठी आधी एक लग्न तरी मान्य व्हावं लागतं. ६ सप्टेंबर २०१८ ला आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. २०२४ मध्ये रेशन कार्ड आणि बँकेच्या जोडखात्यासाठी समलिंगी जोडीदार चालतील असं केंद्रानं सांगितलं. पण जोडी म्हणजे दोन. दवाखान्यात सही करायची वेळ आली तर आमच्यातला कुणीच कुणाचा कोणी नाही.

मग योग्य-अयोग्य ठरवायचं कशावर? मी तीन प्रश्नांवर आलोय. ज्याच्या आयुष्यावर परिणाम होतो, त्याला सगळं माहीत आहे का? त्याला 'नाही' म्हणता येतं का? आणि 'नाही' म्हटल्यावर त्याला जायला जागा आहे का? तिसऱ्या प्रश्नासाठी उदगीरनं आपली गावातली खोली सोडलेली नाही, आणि आम्हीही ती सोडायला सांगत नाही. दुसऱ्यासाठी आम्ही बहुमत बंद केलं. सर्व्हरचं क्लस्टर तीनाचं असतं, कारण दोन एका बाजूला आले की निर्णय होतो. घरात तसं केलं तर दर वेळी कुणीतरी एकटा पडतो. आमच्याकडे एकाचा नकार पुरतो. त्यामुळे फ्रिज घ्यायला चार महिने लागले.

पहिल्या प्रश्नाचं वजन मात्र गेल्या महिन्यात कळलं. लातूरच्या आईनं स्थळ आणलंय. मुलगी औशाची, बी.एड. "नुसतं बघायला तरी ये." आणि गंमत बघा, आमच्याबद्दल माहीत असलेल्या एका जवळच्या नातेवाइकाचा सल्ला असा: लग्न करून टाक, बाकीचं चालू ठेव, कुणाला कळतंय.

या सल्ल्यात माणसं किती होतात ते मोजा. तो, ती आणि आम्ही. म्हणजे एकापेक्षा जास्त जोडीदार असायला आपल्या समाजाची खरी हरकत नाही. एकीला कळलं नाही म्हणजे झालं. आम्ही तिघं चहा पीत कोण कुठं झोपणार ते बोलतो, तो चाळा. आणि एका मुलीला आयुष्यभर 'यांचं माझ्याकडे लक्ष का नाही, माझ्यातच काही कमी आहे का' असं वाटत राहावं, तो संसार. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात. तिथंही मला तीन हा आकडा छळत नाही. एकाला दुसरीचं माहीत नसणं छळतं.

औशाची ती मुलगी माझ्या तीनही प्रश्नांत नापास होते. तिला काही माहीत नसेल, म्हणून ती नकार देऊ शकणार नाही, आणि एकदा लग्न झाल्यावर तिला जायला जागाही फारशी नसेल. तिचं नावही मला माहीत नाही. तरी या गोष्टीत जिचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं, ती तीच आहे.

लातूरनं आईला सांगितलंय, "मी लग्न करणार नाही." "कामून?" याचं उत्तर अजून दिलेलं नाही. उदगीरचं म्हणणं, सांगून टाक. माझं म्हणणं, आईचं बीपी, बहिणीचं लग्न, सगळं बघून तू ठरव. या एका बाबतीत नकाराधिकार फक्त त्याचाच आहे, हे आम्ही दोघांनी मान्य केलंय. पण स्थळ बघायला जायचं नाही, नुसतं चहापोहे खाऊन परत यायलाही नाही, यावर तिघांचं एकमत झालं. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.