लुकवनी बोलीत मारलेली हाक

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १४ : ८–१८



लुस्त्र नगरात पौलाने जन्मापासून पांगळ्या असलेल्या मनुष्यास उभे केले, ही गोष्ट आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे. परंतु पुढील ओळींकडे आपले लक्ष क्वचितच जाते. लोकांनी आरोळी मारली, आणि लूक मुद्दाम लिहितो की, ती लुकवनी बोलीत मारली. देवच मनुष्यरूपाने उतरले आहेत, असे ते म्हणत होते. आणि प्रेषित मात्र स्वस्थ उभे! बैल व हार वेशीपाशी आले, तेव्हा कोठे त्यांनी आपली वस्त्रे फाडली. लूक कारण सांगत नाही. पण मला वाटते, ती बोली त्यांस कळलीच नसावी. बाजारात ग्रीक चालत होती. अंतःकरण लुकवनीत बोलत होते.

ही चूक ज्यांनी ओळखली अशांपैकी एक, नॉर्वे देशाचे लार्स स्क्रेफ्सरूड. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्याबद्दल ते तुरुंगात गेले आणि तेथेच त्यांचे मन पालटले. १८६७ साली ते व डेन्मार्कचे बोरेसेन संताळ परगण्यात बेनागडिया येथे राहिले. ते उपदेश करण्यास आले होते खरे, पण त्यांना आधी विद्यार्थी व्हावे लागले. संताळी शब्दांच्या शेवटी काही व्यंजने श्वास घशात अडवूनच उच्चारावी लागतात. ती ऐकण्यासही परक्या कानाला शिकावे लागते. १८७३ साली स्क्रेफ्सरूड यांचे संताळी व्याकरण छापून निघाले. कोलेआन नावाच्या एका वृद्ध संताळ गुरूच्या मुखातून त्यांनी पूर्वजांची कथा व रीतिरिवाज उतरून घेतले, ते १८८७ साली संताळीतच प्रसिद्ध झाले.  मिशनरी त्याच्यापुढे लेखणी घेऊन बसला होता.

१८९० साली पॉल ओलाफ बोडिंग आले. त्यांनी शास्त्राचे भाषांतर सिद्धीस नेले आणि स्क्रेफ्सरूडांच्या शब्दसंग्रहावर काम वाढवून पाच खंडांचा कोश रचला. तो १९३२ ते १९३६ या काळात ऑस्लो येथे छापला गेला. त्यांच्या लोककथांपैकी पुष्कळ सागराम मुर्मू या संताळ सोबत्याने गोळा केल्या. असे सोबती नसते, तर साहेबांच्या हाती कोरा कागदच राहिला असता. आपण त्यांची नावे फार लवकर विसरतो. मिशनरींनी रोमी अक्षरे वापरली. पुढे १९२५ साली रघुनाथ मुर्मू यांनी ओल चिकी लिपी केली, आणि पुष्कळ संताळांस तीच आपली वाटते. त्याचा आपण विषाद मानू नये. भाषा ज्यांची, निवड त्यांची. २००३ सालच्या घटनादुरुस्तीने संताळीस आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले.

हे सारे दूर देशीचे म्हणाल, तर मेळघाटाकडे पाहा. तेथील कोरकू ही संताळीचीच बहीण आहे, मराठीची नव्हे. संताळीत पाण्यास ‘दाक्’ म्हणतात, कोरकूत ‘डा’. जॉन ड्रेक या मिशनरीने लिहिलेले तिचे व्याकरण १९०३ साली छापले गेले.

आता माझा अपराध सांगतो. मेळघाटातील एका पाड्यावर प्रार्थनेच्या वेळी एक कोरकू म्हातारी आपल्या बोलीत प्रार्थना करू लागली. मी तिला थांबवून म्हणालो, “आजी, मराठीत बोला, म्हणजे सर्वांस कळेल.” सर्वांस म्हणजे कोणास? तेथे मराठी घरातून आलेला मी एकटाच होतो. ती गप्प बसली, आणि पुढे कित्येक महिने सभेत तिने तोंड उघडले नाही. मला वाटे, तिच्या विश्वासात उणे आहे. उपदेशक बंधूंनो, तुमच्या मंडळीतही अशी गप्प माणसे बसत असतील.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तिच्या अंगणात बसलो आणि हंड्याकडे बोट दाखवून ‘डा’ म्हणालो. ती इतकी हसली की, शेजारणी जमल्या. मग प्रत्येकीने मला एकेक शब्द शिकवला, व मी तो चुकीचाच उच्चारला. उठण्यापूर्वी मी म्हणालो, “आजी, तुम्ही प्रार्थना करा.” तिने बराच वेळ प्रार्थना केली. मला त्यातून येशूचे नाव आणि स्वतःचे नाव, एवढेच कळले.